हलत्या रांगेची यादी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर तीस-पस्तीस वर्षं पुढे चला. जागेवरून उठायला नको, नुसती कल्पना करा. सह्याद्रीच्या एका खांद्यावर कोंदेवाडी नावाचं चाळीस घरांचं गाव आहे. गावात एक लांबट, गार खोली आहे, तिला सगळे बीजघर म्हणतात. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक फळी, आणि फळीवर त्रेसष्ट मडकी ओळीनं मांडलेली. प्रत्येक मडक्यात वेगळ्या भाताचं बी.

आता तुमच्या हातात एक पाटी आहे असं समजा. दगडी नव्हे, काचेची, बोटाचा स्पर्श ओळखणारी. पाटीवर त्या त्रेसष्ट भातांच्या नावांची यादी आहे. तुम्ही ‘मोरपिशी’ या नावावर बोट टेकवता. पान बदलतं, आणि समोर माहिती येते ती ‘तांबकुडी’ची. तुम्ही मागे येता, ‘उशिरी’वर बोट टेकवता, तर उघडतं भलतंच. नावं सगळी खरी, माहितीही सगळी खरी, फक्त ज्याची त्याला मिळत नाही.

असं का होत असेल? डोक्यात येईल ते उत्तर तिथंच राहू द्या. बारा वर्षांच्या तुळसा गभालेलाही ते लगेच सापडलं नव्हतं, आणि ती पाटी तर तिनं स्वतः तयार केली होती.

तुळसानं ती केली त्याला कारण होतं. त्या काळी माणसं कशाचीच यादी बघत नसत. काही हवं असलं की बोलक्या यंत्राला विचारायचं, यंत्र एक उत्तर द्यायचं, आणि माणसं ते घेऊन निघून जायची. शेतात काय पेरू असं विचारलं की विभागीय बीजकेंद्राचं यंत्र सगळ्यांना एकच सांगायचं, ‘केंद्र-सात’. बियाणं वाईट नव्हतं, सपाट आणि उन्हातल्या शेतात ते जोमानं यायचं. पण गभाल्यांचं शेत होतं डोंगराच्या सावलीत, सगळ्यात वर. तिथं लागोपाठ दोन वर्षं ‘केंद्र-सात’ लावलं आणि दोन्ही वर्षी लोंब्या पोचट निघाल्या. त्या शेतात येतं ते फक्त ‘उशिरी’, आणि उशिरीचं बी सगळ्या जगात एकाच मडक्यात होतं.

हे केंद्राच्या यंत्राला कळवलं तेव्हा ते म्हणालं की उशिरी नावाचं वाण माझ्याकडे नोंदलेलं नाही. कोंदेवाडीच्या त्रेसष्टांपैकी त्याला फक्त एकोणीस माहीत होती. तुम्हाला यादी करून देऊ का, असंही त्यानं विचारलं, एकोणीस नावांची. तुळसा नको म्हणाली. आपली यादी आपणच करायची, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

शिकवायला गावात एकच माणूस होतं, प्रियांकाआजी. तुमच्या शेजारी किंवा शाळेत एखादी प्रियांकाताई असेल ना? ती मोठी होईल, पुण्याला जाऊन मोबाइलची अ‍ॅप बनवेल, केस पांढरे झाले की गावी परत येईल. तशीच ही. दिवाळीच्या सुट्टीत तिनं तुळसाला पहिला धडा दिला. तुळसा त्रेसष्ट वाणांसाठी त्रेसष्ट स्क्रीन (पाटीवर एका वेळी दिसणारी पानं) बनवायला बसली होती. आजीनं तिला जत्रेतल्या फोटोवाल्याची आठवण करून दिली. त्याच्याकडे एकच रंगवलेला फळा असतो, वाघावर बसलेल्या शूर वीराचा, आणि तोंडाच्या जागी भोक. तू तोंड घातलंस तर फोटो तुझा, मी घातलं तर माझा. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तो नवा वाघ रंगवत नाही. तसंच इथं. एक स्क्रीन यादीची आणि एक स्क्रीन माहितीची. माहितीची स्क्रीन म्हणजे नुसती रिकामी चौकट, ज्या नावावर बोट टेकलं त्याची माहिती येऊन त्या चौकटीत बसते. त्रेसष्टांचं काम दोन स्क्रीनमध्ये झालं. दिवाळीत पाटी अगदी चोख चालत होती.

पौषात भात झोडून झालं, आणि केंद्राचा तपासनीस आला. तो यंत्रमानव होता, नाव पारख, सहा पायांनी डोंगर चढून आलेला. बीजघर सांभाळणाऱ्या ठकूमावशींनी त्याला चहा विचारला. मी चहा घेत नाही, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. मग बस नुसता, असं मावशी म्हणाल्या, आणि तो खरोखरच पाय दुमडून नुसता बसला.

पारखचा नियम साधा होता. यादीतली कोणतीही दहा नावं तो निवडणार, पाटीनं त्या दहांची बरोबर माहिती आणि बरोबर मडकं दाखवायचं. जे बी हवं तेव्हा सापडत नाही ते असून नसल्यासारखं, असं केंद्राचं म्हणणं होतं. दहापैकी एक जरी चुकलं तर मडकी शहरातल्या शीतकोठारात (बी गोठवून ठेवायच्या मोठ्या कोठारात) जाणार आणि बीजघराला कुलूप लागणार.

त्यानं मोरपिशीवर काडीसारखं बोट टेकवलं. तांबकुडी उघडली. मग तुम्ही आत्ता पाहिलंत ते सगळं झालं. शिवाय आणखी एक गोष्ट झाली. तो दर वेळी ‘मागे’ दाबायचा तेव्हा यादी पहिल्या नावापासून सुरू व्हायची, आणि दहाव्या वेळी पाटी इतकी जड झाली की बोट हललं तरी ती हलेना. पारखनं नोंद केली आणि चार दिवसांनी पुन्हा येतो म्हणून सांगितलं. दुसरी संधी देणं नियमातच होतं. तिसरी नव्हती.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. तुळसाचा चुलतभाऊ आर्यन तिला पाणवठ्यावर भेटला.

“तुळसे, तुझ्या पाटीवर भेंडी दाबली तर कारलं उघडतं म्हणे.”

“उघडू दे. निदान माझ्या पाटीवर भेंडी आणि कारलं दोन्ही आहेत,” असं म्हणून ती हंडा उचलून निघाली. पण घरी येईपर्यंत तिचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी तुळसा बीजघरात असताना सरपंच अथर्वकाका आले. माणूस भला, पण कटकटीला भिणारा. त्यांनी पारखशी बोलून एक तोडगा काढला होता. घोटाळा कशानं होतोय हे पारखनं ओळखलं होतं म्हणे. ठकूमावशी मडकी हलवतात, म्हणून. मडकी हलवणं बंद करा, ओळ दिवाळीत होती तशी लावून कायमची ठेवा, की पाटी बरोबर चालेल.

इथं तुम्हाला बीजघराची रीत सांगायला हवी. फळीच्या पुढच्या टोकाला जे मडकं, त्यातलं बी आधी पेरायला द्यायचं. ते शेतात जातं, पिकतं, आणि पौषात ताजं बी होऊन परत येतं. परत आलं की ते पुढे बसत नाही. त्याचं मडकं फळीच्या शेवटच्या टोकाला जातं आणि बाकीची सगळी एकेक जागा पुढे सरकतात. असं केल्यानं कुठलंच बी फळीवर जुनं होत पडून राहत नाही. बी म्हणजे झोपलेलं रोप असतं, फार वर्षं झोपलं तर ते उठत नाही. म्हणून प्रत्येकाची पाळी यायलाच हवी. तुळसाही दर वेळी मडकं हललं की पाटीवरचं नाव तसंच शेवटी नेऊन ठेवायची, म्हणजे फळी आणि यादी एकसारखी दिसे.

अथर्वकाकांचं बोलणं ठकूमावशींनी मान खाली घालून ऐकलं. बीजघर वाचत असंल तर नाही हलवणार, असं त्या पुटपुटल्यासुद्धा. ते मात्र तुळसाला सहन झालं नाही.

“मावशी, मडकी हलणारच. चूक माझ्या पाटीची आहे, तुमच्या हाताची नाही. पाटीसाठी बी म्हातारं करायचं असेल तर मीच ती विहिरीत टाकते.”

काका म्हणाले, चार दिवसांत तू काय दिवे लावणार. तिनं पाटी उचलली आणि प्रियांकाआजीचं घर गाठलं.

आजीला चूक कुठे आहे ते बहुधा पहिल्या मिनिटालाच दिसलं असावं, पण तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली की पुण्यात अशा पन्नास चुका करून मी पगार घेतलाय, तुझ्या वाटणीची एक मी कशाला हिरावून घेऊ. आधी सोपं कोडं घे. यादी दर वेळी पहिल्यापासून का सुरू होते, आणि पाटी जड का होते?

आजीनं स्वयंपाकघरातून तीन गाडगी आणली. एक खाली ठेवलं. ही यादीची स्क्रीन. नावावर बोट टेकलं की काय होतं, असं तिनं विचारलं. तुळसानं दुसरं गाडगं पहिल्यावर ठेवलं. ही माहितीची स्क्रीन. यादी कुठे गेली? कुठेच नाही, खाली तशीच आहे, फक्त झाकली गेली.

“आता मागे जायचंय,” आजी म्हणाली. “तू पाटीला काय करायला सांगितलं आहेस?”

तुळसानं आपण लिहिलेल्या सूचना वाचल्या. ‘मागे’ दाबलं की यादी दाखव, असं तिनं लिहिलं होतं. तिनं तिसरं गाडगं उचललं, दुसऱ्यावर ठेवलं आणि बघतच राहिली. तिची पाटी मागे जातच नव्हती. ती दर वेळी एक नवी कोरी यादी वर चढवत होती. दहा वेळा गेलं-आलं की वीस स्क्रीन एकावर एक. पाटी बिचारी त्या ओझ्याखाली दबली होती.

मग मागे जायचं कसं? तुळसानं तिसरं गाडगं बाजूला ठेवलं आणि दुसरं नुसतं उचलून घेतलं. खाली पहिली यादी होती, सोडून गेली होती तशी, त्याच नावापाशी. मागे जाणं म्हणजे नवीन काही आणणं नव्हे, वरचं काढून घेणं.

या रचनेला स्टॅक (एकावर एक रचलेली उतरंड) म्हणतात, असं आजीनं सांगितलं. उतरंडीत जे शेवटी ठेवलं ते आधी निघतं. आणि एका स्क्रीनवरून दुसरीवर जाण्या-येण्याच्या या सगळ्या वाटेला नेव्हिगेशन म्हणतात. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही हेच चालतं. एखादी यादी उघडा, त्यातलं काहीतरी दाबा, मग मागे या. उतरंड दिसत नाही, पण असते.

तुळसा गाडग्यांकडे बघत म्हणाली की ठकूमावशींची फळी याच्या अगदी उलट आहे. तिथं जे आधी आलं ते आधी जातं. आजीला हे फार आवडलं. ती रांग, आणि ही उतरंड, ती म्हणाली. रांगेतल्याला उतरंडीचा नियम लावला की घोटाळा. प्रत्येकाचा नियम त्याच्या कामातून येतो.

दुसरं कोडं मात्र दोन दिवस सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी तुळसानं बडबड थांबवली आणि मोजायला घेतलं. मोरपिशी दाबली की तांबकुडी उघडते. दिवाळीत केलेली जुनी यादी तिनं काढली. तांबकुडी मोरपिशीच्या तीन जागा आधी होती. उशिरी दाबल्यावर जे उघडत होतं तेही उशिरीच्या तीन जागा आधीचं. आणखी पाच नावं तपासली. प्रत्येक वेळी तीन.

तीनच का? दिवाळीनंतर किती घरांनी बी परत आणलं होतं? तिनं बोटांवर मोजलं. तीन. पुढची तीन मडकी शेवटी गेली होती.

ती धावत आजीकडे गेली आणि धापा टाकतच सांगू लागली. यादीतली नावं तिनं हलवली होती, पण पाटीच्या पोटातली माहितीची वही दिवाळीत भरली त्याच क्रमानं पडून होती. आणि बोट टेकल्यावर यादीची स्क्रीन माहितीच्या स्क्रीनला काय निरोप देत होती? ‘पाचव्या ओळीवर बोट टेकलंय.’ निरोपात नाव नव्हतंच, जागा होती. माहितीची स्क्रीन इमानदारीनं वहीतलं पाचवं पान उघडत होती. पण यादीतला पाचवा आता दुसराच कुणीतरी होता.

वर्गात तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलीला निरोप द्यायचाय, आणि तुम्ही शिपायाला फक्त ‘तिसरा बाक’ असं सांगितलंत, तर बाईंनी जागा बदलल्यावर निरोप कुणाला मिळेल? तसंच हे. जागा ही ओळख नव्हे. जागा आज आहे, उद्या नाही.

मग निरोपात काय पाठवायचं? नाव पाठवू, असं तुळसा म्हणाली. आजीनं तिला ठकूमावशींना विचारून यायला सांगितलं. मावशींनी हसून फळीवरची दोन मडकी दाखवली. दोन्ही दूधसाळच. एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची, शिजवल्यावर चव निराळी. नावानं बोलावलं तर दोघी ओ देतील.

तेव्हा तुळसाला कळलं की प्रत्येक बियाण्याला आयडी (कधीही न बदलणारी ओळखखूण) द्यायला हवी. एकदा दिली की दिली. मडकं पुढे जावो, मागे जावो, फुटो आणि नवं येवो, नावानं दोन असोत, खूण बदलायची नाही आणि दुसऱ्याला द्यायची नाही. तिनं आणि मावशींनी मिळून त्रेसष्ट मडक्यांच्या गळ्यावर गेरूनं खुणा लिहिल्या, ‘बी एक’पासून ‘बी त्रेसष्ट’पर्यंत. पाटीत प्रत्येक नावाच्या मागे आणि वहीतल्या प्रत्येक पानावर तीच खूण. आता यादीची स्क्रीन निरोप द्यायची तो असा: ‘बी अडतीस उघड.’ मग बी अडतीस फळीवर कुठेही असो.

चौथ्या दिवशी पारख आला. अथर्वकाका आले, प्रियांकाआजी आली, आर्यनही आला. पारखनं पहिलं नाव निवडलं, बरोबर. मागे गेला, यादी होती तिथंच होती. दुसरं बरोबर. दोन्ही दूधसाळ त्यानं लागोपाठ निवडल्या, दोन्ही वेगवेगळ्या उघडल्या. सहावं नाव उघडून तो वाचत होता, तेवढ्यात दारात गावातली पारूवहिनी उभी राहिली. डोक्यावर टोपली, टोपलीत झोडलेलं ताजं बी. फळीच्या पुढच्या टोकाच्या मडक्यातलं तिनं जूनमध्ये नेलं होतं.

ठकूमावशी उठल्या. पारखच्या छातीवरचा हिरवा दिवा तांबडा झाला.

“तपासणी सुरू असताना क्रम बदलू नये,” तो म्हणाला. “वहिनींनी संध्याकाळपर्यंत थांबावं.”

अथर्वकाकांनी वहिनीला हातानं मागे व्हायची खूण केली. मावशींचे हात मडक्यापाशी थांबले. चार बरोबर आली की सुटका, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. तुळसालाही कळत होतं. तरी ती फळी आणि काका यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“त्या थांबणार नाहीत. बी आलं की मडकं हलतं, आमच्याकडे असंच असतं. तुम्हाला खरी फळी तपासायची आहे की थांबवून ठेवलेली?”

पारखनं नियम पुन्हा वाचून पाहिला. मग, नियमात फक्त ‘फळी’ असं लिहिलंय, असं तो म्हणाला आणि त्याचा दिवा पुन्हा हिरवा झाला.

मावशींनी बी भरलं, मडकं उचललं आणि शेवटच्या टोकाला नेलं. बासष्ट मडकी खरखर आवाज करत एकेक जागा पुढे सरकली. तुळसानं सगळ्यांच्या देखत पाटीवरचं नाव ओढून तळाशी नेलं. मग पाटी पारखसमोर धरली.

सातवं नाव त्यानं मुद्दाम नुकतंच हललेलं निवडलं. बरोबर. आठवं, नववं बरोबर. दहावं उशिरी. माहितीच्या चौकटीत डोंगराच्या सावलीतल्या शेताचा फोटो आला, आणि त्याखाली आजची जागा. पारखनं काडीसारखं बोट फळीवरून नेत मोजलं, मडक्यावरची खूण वाचली आणि झाकण उघडून आतल्या बियांकडे बराच वेळ पाहिलं.

बीजघर राहील, असं त्यानं सांगितलं, आणि केंद्राच्या यादीत एकोणीसऐवजी त्रेसष्ट नावं जातील, असंही. आर्यननं जाऊन मावशींना फळी पुसायला फडकं दिलं, हे त्याच्या मानानं खूप होतं. दरीपलीकडच्या दोन गावांतही अशी बीजघरं आहेत, तिथली यादी कुणी करेल का, असं पारखनं जाता जाता विचारलं. प्रियांकाआजीनं नुसतं तुळसाकडे बघितलं.

पारख उठत होता, तेव्हा पारूवहिनीनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर लोंब्या होत्या, काळपट, आखूड, लांब कुसळाच्या. बांधाच्या कडेला आपोआप आलेल्या. तिनं असलं भात कधी पाहिलं नव्हतं. ठकूमावशींनी दाणा दातानं फोडला, पाहिला, आणि मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं.

“नाव नसलेल्या वाणाची नोंद होत नाही,” पारख म्हणाला.

तुळसानं मावशींकडून एक कोरं मडकं मागून घेतलं. लोंब्या त्यात ठेवल्या, गेरूत बोट बुडवून मडक्याच्या गळ्यावर लिहिलं, ‘बी चौसष्ट’. मग पाटी मांडीवर घेतली, यादीच्या तळाशी एक नवी ओळ उघडली, खूण भरली, नावाची जागा रिकामी सोडली, आणि पारख बघत असतानाच ती ओळ जतन केली.